केवडा घरी आला का?

गंगावेस, कोल्हापूर
ता. ९ डिसेंबर १९१८

रा. रा. दस्तगीर बाबालाल चित्तेवान,
मु. हुबळी, यांस

नमस्कार लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहिला. आपण ऑगस्टात छापखान्यातून उठून गेलात, जाताना दगड घासून गेलात, आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून हे पत्र नाही. काम निघालं आहे. हुबळीचा पत्ता आपल्या मातोश्रींकडून, सुलतानबी मावशींकडून घेतला. त्यांनीही तो आढेवेढे घेऊनच दिला.

आपल्या 'सागरगोटे' मासिकात चैत्रापासून चाललेली 'केवड्याची टोपी' श्रावणात तुटली, हे आपण जाणता. शेवटचं प्रकरण आणि शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं. चित्र शिळाछापाच्या दगडावर काढून तयार होतं, ते आपण वाळू टाकून पुसलंत. शब्द माझे असले तरी गोष्ट आपली आहे, आणि पोरं चित्र पाहूनच शब्दांकडे वळतात हे मला आपणच शिकवलंत. तेव्हा चित्राशिवाय शेवट छापता आला नाही. भाद्रपदात मी 'काही अडचणींमुळे' असं छापलं. संपादकाला असं छापायची लाज वाटायला हवी, पण त्या महिन्यात लाज वाटायलाही सवड नव्हती. मानमोडीचा ताप गावात शिरला होता.

तिकडे हुबळीला काय झालं मला ठाऊक नाही. इथे घरटी एक गेलं म्हणतात, काही घरांतून कुणीच उरलं नाही. आपल्या मासिकाचं आणखी एक दुखणं आहे. वेष्टनावर बापाचं नाव घालायचं नाही, वाचणाऱ्या पोराचं घालायचं, ही कल्पना आपली की माझी ते आता आठवत नाही. ज्या पोराला उभ्या जन्मात कुणी कागद धाडला नाही, त्याच्या नावानं टपालवाला दारात हाक मारतो, याचं आपल्याला केवढं कौतुक होतं. आता ती वेष्टनं परत येतात. टपालवाल्यानं वर 'मयत' लिहिलेलं असतं. पत्ते घालते ती बनाबाई; परत आलेलीही घरात तीच कोनाड्यात रचून ठेवते. मी तिकडे बघायचं टाळतो.

पत्र लिहिण्याचं कारण गडहिंग्लजहून आलेलं एक कार्ड. तिथल्या शाळेच्या आण्णा मास्तरांनी लिहून दिलं आहे, आणि खाली 'बाई सांगतील तसेच लिहिले' अशी नोंद केली आहे. जसंच्या तसं उतरवून देतो.

"मासिकवाल्यास्नी धोंडुबाई पिराजी नलवडे हिचा रामराम. माझी चिमणा तुमचं पुस्तक वाचायची. मला वाचाय येत न्हाय, ती वाचून दावायची. दसऱ्याच्या आत मानमोडीत गेली. आता पुस्तक पाठवू नगासा. टपालवाला तिचं नाव घिऊन दारात हाक मारतोय, ती ऐकू वाटंना. पर एक इचारायचं हाय. ताप चढला तवा ती रोज इचारायची, आये, केवडा घरी आला का. पुस्तकात तर आलं न्हवतं. मी म्हटलं, आला बाळ, टपालवाल्यानं सांगितलंय, केवडा घरी आला, भाकरी खाऊन निजलाय. मग ती निजली. चित्ता भाकरी खात न्हाय ते मला आता मास्तरनी सांगितलं. ती माझी चूक झाली. पर घरी आला का न्हाय तेवढं कळवा. मी पोरीला खोटं सांगितलं असंल तर तसंबी कळवा."

या कार्डाला मी उत्तर दिलेलं नाही. केवडा घरी आला आहे असं एक चित्र काढून पाठवावं, एवढीच विनंती. दगडावर घ्यायचं काम निसार करील. तो आपला शागीर्द आहे, बिघडवणार नाही.

कळावे,
आकाराम इंगवले

---

कोल्हापूर
ता. ३० डिसेंबर १९१८

दस्तगीर,

'आपण' राहू दे. ज्याच्याबरोबर चिंचा चोरल्या त्याला 'आपण' लिहिताना हात अवघडतो. तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. टपाल गहाळ झालं असं मनाला समजावायला मी काही लहान मूल नाही.

तुला राग धरायचा असेल तर धर, पण निदान कशाचा धरला आहेस ते नीट आठव. हे मासिक काढलं तेव्हा पोरांच्या हातात काय होतं? इंग्रजीवरून उतरवलेल्या गोष्टी. त्यांत बर्फ पडायचा, पोरं विस्तवापाशी बसून आजोबांना शहाण्यासारखे प्रश्न विचारायची आणि आजोबा पानभर उपदेश करायचे. तसली एक गोष्ट मी पंचगंगेच्या घाटावर पोरांना वाचून दाखवली, तर एकीनं विचारलं, "बर्फ म्हंजे गारा व्हय? मग त्येंच्या कौलांचा पार चुरा झाला असंल की." त्या दिवशी आपण ठरवलं, आपल्या मासिकात रंकाळा असेल, आपला माळ असेल, आणि माळावरचं जनावर असेल. तुझी एकच अट होती, गोष्ट छापण्याआधी पोरांपुढे वाचायची. "पोरं ढुंगान हलवाय लागली की तितलं वाक्य काप," म्हणायचास. त्या नियमापायी माझी किती सुंदर वाक्यं गेली ते माझं मला ठाऊक. केवड्याच्या गोष्टीला मात्र पोरं हलली नाहीत.

हलणार कशी? गोष्ट तुझ्या घरातली. बाबालालचाचा एका जहागीरदारांच्या शिकारखान्यात चित्तेवान. त्यांचा केवडा. डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढायची, शिकार झाली की लाकडी पळीतून त्याचा वाटा भरवायचा. रात्री चाचांच्या बाजेशेजारी त्याची स्वतःची बाज. चित्ता बाजेवर निजतो हे वाचून पोरं आपल्या आयांना जाऊन सांगायची, आणि आया म्हणायच्या, मासिकवाला थापा मारतोय. आणि मग तो दिवस. टोपी काढली, केवडा पळाला, टेकाड ओलांडून गेला. तिथे आपण थांबलो.

पुढे काय झालं ते तू मला शाळेत असतानाच सांगितलं होतंस. आला नाही. पण शाळांच्या बक्षीस-पुस्तकांत गोष्ट लावून घ्यायची तर खाली तात्पर्य हवं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून मी लिहिलं की केवडा रानात उपाशी भटकला, काटे लागून लंगडत, मान खाली घालून परत आला. तात्पर्य, मोठ्यांची आज्ञा मोडू नये. ते वाचून तू म्हणालास, "त्येनं आज्ञा कुटं मोडली? अब्बानं टोपी काढली, त्यो पळाला. पळायसाठीच टोपी काढत्यात." मी म्हटलं, हे पोरांचं पुस्तक आहे, पंचनामा नव्हे. तू उठलास. वाळू घेतलीस आणि दगड घासायला बसलास. इतकं चांगलं चित्र, तुझ्या अब्बांचं, हातात टोपी घेऊन माळावर उभे असलेले, माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

मी आजही म्हणतो, गोष्टीला शेवट लागतो. माळावर एकटा उभा राहिलेला म्हातारा हा पोरांसाठी शेवट नव्हे. पोरांना तसं मध्येच सोडून जाऊ नये. आता तर ती गडहिंग्लजची बाई विचारते आहे. तिला बक्षीस नको, तात्पर्य नको. केवडा घरी आला एवढंच हवं आहे. त्यात तुझं काय जातं?

दमलो आहे रे. भांडायचाही कंटाळा आला आहे. चित्र पाठव.

आकाराम

---

कोल्हापूर
ता. १९ जानेवारी १९१९

दस्तगीर,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये दोन ओळी. "जो आला न्हाय त्यो आला म्हणून काढू व्हय? मी हितं कापडाच्या ताग्यावर लावायच्या तिकिटावर मोर काढतोय, त्यो बी खरा मोर बघून."

वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. हुबळीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथे ये, कोनाड्यातली वेष्टनं बघ, आणि मग मला खऱ्या मोराच्या गोष्टी सांग. मी त्या बाईला काय लिहू? 'बाई, चित्रकाराचं म्हणणं पडलं की तुम्ही मरत्या पोरीशी खोटं बोललात'? लिहितो. तुझ्या नावानं लिहितो.

हे रागाच्या भरात लिहिलं, खोडत नाही. कागद फुकट घालवायची सोय राहिली नाही. लढाई संपली तरी कागद अजून मिळत नाही. पौषाचा अंक वाण्याच्या पुडीसारख्या पिवळ्या कागदावर काढला. शाई पाठीमागे उमटते, एका पानावरचा कोल्हा दुसऱ्या पानावरच्या कवितेत शिरतो. पोरांची त्याबद्दल काही तक्रार नाही, त्यांना ते आवडलं असावं.

काल तुमच्या घरी गेलो होतो. तुझी तक्रार सांगायलाच गेलो होतो असं म्हण हवं तर. मावशी बऱ्या आहेत, पण चालताना भिंतीला हात लावतात. तुझं कार्ड त्यांना वाचून दाखवलं. त्या मला परसातल्या पडवीत घेऊन गेल्या. दोन्ही बाजा अजून तिथेच आहेत. चाचांची बाज मध्ये खोलगट, झोळी झालेली. शेजारची केवड्याची बाज मात्र अशी ताठ, की बोटानं टिचकी मारली तर वाजेल.

मी म्हटलं, मावशी, ही कोण ताणतं? म्हणाल्या, "तेच ताणायचे. दर पावसाळ्याच्या आदी सुंभ वलं करायचे आनि ताणायचे. मी म्हनायची, अवो, रिकामी बाज ढिली कशानं पडंल? तर म्हनायचे, ढिल्या बाजंवर त्येची पाठ दुखती. कुनाला बसू दिलं न्हाय. तुझी बायकू एकदा नकळत टेकली तर केवढ्यांदा वरडले. ते गेले, आता मी ताणती."

बनाबाई टेकली होती ते मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, व्हय, लगीन होऊन नवी नवी आली होती तेव्हा. माझं तोंड आंबट झालं, इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नाही. असो. तुला यातलं काहीच नवीन नाही. मलाच नवीन होतं, म्हणून लिहिलं.

चाचा गेले तेव्हा त्यांच्या उशाखाली ती टोपी होती हे तू मला सांगितलं होतंस. गोष्टीत घेऊ नको म्हणाला होतास, मी घेतली नाही. एवढं तरी लक्षात ठेव.

मला जरा कणकण आहे. हवा पालटली की होतं तसं.

आकाराम

---

कोल्हापूर
ता. १० फेब्रुवारी १९१९

दस्तगीर भावजीस्नी बनाबाईचा नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नका, मी बरी हाय. पत्ते लिवून लिवून आता पत्र लिवाय याय लागलंय, तवा पयलं तुमालाच लिवतीया. ह्यांना सांगितल्यालं न्हाय.

ह्यांनी तुमाला कणकण लिवलं असंल. कणकण न्हवती, मानमोडीच होती. गावातली साथ सरली आनि उरलीसुरली आमच्या घरात शिरली. डॉक्टर हात टेकून गेलता. तापात सारखं बडबडायचे, दस्त्या वाळू ठिव, दस्त्या वाळू ठिव. आता उठून बसत्यात, पर छापखान्यात गेलं की दम लागतोय. म्हनून फाल्गुनाच्या अंकानंतर मासिक बंद करायचं ठरवलंय. कागद न्हाय, जीव न्हाय, वाचणारी पोरं न्हाईत, असं म्हनत्यात. तुमाला ते कळवणार न्हाईत. अभिमान हाय.

आमाला पोरबाळ न्हाय हे तुमाला म्हाईतच हाय. दर म्हयन्याला ह्या पोरांची नावं लिवती, तेवढीच माझी पोरं. गेल्याली नावं खोडा म्हनत्यात, मी खोडली न्हाईत. वेष्टनं परत येत्यात तर यिऊ देत की. गडहिंग्लजच्या बाईनं नगं म्हटलं म्हनून तेवढं पाठवलं न्हाय, पर नाव खोडलं न्हाय.

आता एकच इचारती, राग मानू नका. तुमी म्हनतासा, जो आला न्हाय त्यो आला म्हनून काढणार न्हाय. खरं हाय. मग तुमचे अब्बा दर पावसाळ्याच्या आदी बाज ताणायचे, ते खोटं करायचे व्हय? मी त्या बाजंवर टेकले तवा ते माझ्यावर वरडले. रिकाम्या बाजंपायी कोन नव्या सुनंवर वरडत न्हाय. त्यांच्या मनात ती रिकामी न्हवती. त्या बाईनं पोरीला सांगितलं, ते बी मला तसलंच वाटतंय. मी अडाणी हाय, चुकलं तर सोडून द्या.

पत्राचं उत्तर नगं. चित्र आलं तर बरं.

बनाबाई

---

कोल्हापूर
ता. १७ मार्च १९१९

दस्तगीर,

चित्राचं नळकांडं मिळालं. बनाबाईनं तुला पत्र लिहिलं होतं हे मला त्याच्यावरून कळलं, कारण तू ते तिच्या नावानं धाडलंस. घरात दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. नंतर तिनं विचारलं, भाकरी वाढू का, आणि मी हो म्हणालो. आजारपणाचं तिनं लिहिलं ते खरं आहे. मासिक बंद होण्याचंही.

आता चित्राबद्दल. चरबीच्या शाईनं कागदावर काढून पाठवलंस, ते निसारनं दगडावर उतरवून घेतलं. रेष कुठेही फुटली नाही. पोरगा चांगला तयार केला आहेस, मिशाही तुझ्यासारख्याच ठेवतो. पहिला छाप हातात आला तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

सकाळची वेळ. पडवीचं दार सताड उघडं. चाचा आपल्या बाजेवर कुशीवर निजलेले, एक हात खाली लोंबतो आहे. खुंटीला टोपी. जमिनीवर लाकडी पळी. शेजारी दुसरी बाज. दारातून ऊन आत आलेलं. आणि केवडा नाही.

मी छाप उलटापालटा करून पाहिला. दाराबाहेर पाहिलं, छपरावर पाहिलं, पोरांच्या कोड्यातल्या चित्रात शोधतात तसा शोधला. नाही तो नाहीच. मला इतका संताप आला की निसार शाईचा रूळ घेऊन मागे सरकला. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. मी इतकं लिहिलं, माझ्या बायकोनं लिहिलं, आणि या गृहस्थानं काढलं ते काढलंच. त्या बाईनं विचारलं होतं केवडा घरी आला का, आणि हा तिला दार दाखवतो आहे.

मग चाचांच्या त्या लोंबत्या हाताकडे लक्ष गेलं. शाळा सुटली की तो हात आपल्याला गुळाचा खडा द्यायचा. मी उठलो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. रडलो, हे लिहायला हरकत नाही, तू काही इथे नाहीस.

खाली काय लिहावं यावर दोन दिवस घालवले. लंगडत आलेला केवडा लिहिला, खोडला. तात्पर्य लिहिलं, तेही खोडलं. बक्षिसांच्या यादीत आता बंद पडणारं मासिक लागलं काय आणि न लागलं काय. शेवटी एवढंच ठेवलं : 'अब्बांनी त्या दिवसापासून पडवीचं दार कधी लावलं नाही.' नियमाप्रमाणे घाटावर जाऊन पोरांना वाचून दाखवलं. पोरं पूर्वीपेक्षा कमी होती. जी होती ती हलली नाहीत. नंतर त्यांच्यात आला की नाही आला यावरून जुंपली, एकीनं दुसरीची वेणी ओढली. मी त्यांना तसंच भांडत ठेवून परत आलो.

फाल्गुनाचा अंक आठवड्यात निघेल. गडहिंग्लजच्या बाईला तो पाठवायचा की नाही यावरून घरात पुन्हा वाद झाला. तिनं पाठवू नका म्हणून सांगितलं आहे. पाठवला तर टपालवाला हाक मारणार, न पाठवला तर तिच्या प्रश्नाला उत्तर नाही. मी म्हटलं, निदान वेष्टनावर पोरीच्या बापाचं, पिराजीचं नाव घाल. बनाबाईनं 'कु. चिमणा पिराजी नलवडे' असं लिहून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "इचारलं कुनी हुतं? ज्येनं इचारलं त्येला उत्तर."

मला भीती वाटते आहे. बाईच्या जखमेवरची खपली आपण काढतो आहोत असं वाटतं. वेष्टन परत आलं तर मला ते बघायचं नाही, असं बनाबाईला सांगून ठेवलं आहे.

आकाराम

---

कोल्हापूर
ता. २० एप्रिल १९१९

दस्तगीर,

फाल्गुनाच्या अंकाची बरीच वेष्टनं परत आली. गडहिंग्लजचं आलं नाही. पाडवा गेला तरी आलं नाही. मी टपालवाल्याला रोज हटकत होतो, शेवटी तो म्हणाला, "साहेब, लोकं टपाल आलं न्हाय म्हणून वरडत्यात, तुमी आलं न्हाय म्हणून खूश हुतासा. तुमचं काय कळंना."

काल कार्ड आलं. या वेळी आण्णा मास्तरांनी लिहिलेलं नाही. अक्षर वेडंवाकडं, ओळी खाली उतरलेल्या, काही अक्षरं पाटीवर गिरवल्यासारखी मोठाली. उतरवून देतो.

"धोंडुबाईचा रामराम. मास्तरांकडं शिकाय जाती. चिमणाची पाटी हाय. तुमचं पुस्तक आलं. टपालवाल्यानं हाक मारली, मी आतच बसून ऱ्हायली. त्यो उंबऱ्यावर ठिवून गेला. सांजला घेतलं. मास्तरनी वाचून दावलं, म्हनले, आला का न्हाय ते लिवल्यालं न्हाय. मी चित्र बघितलं. मास्तरास्नी बाजंतलं काय कळतंय. म्हाताऱ्याच्या शेजारची बाज दबलिया. मधी खड्डा पडलाय. रिकामी बाज अशी नसती. कुनीतरी निजून उठून भाईर गेलंय. केवडा घरी आलता. मी पोरीला खोटं सांगितलं न्हाय. भाकरीचं तेवढं चुकलं. पुढचं पुस्तक पाठवा. तिच्याच नावानं पाठवा. टपालवाल्यानं हाक मारली की मी व्हय म्हनीन."

मी छाप काढला, उजेडात धरला, भिंग लावलं. दबलेली आहे. इतके दिवस ते चित्र माझ्यासमोर होतं, दगडावर होतं, कागदावर होतं, आणि मी दाराबाहेर चित्ता शोधत बसलो होतो. निसारला विचारलं, उतरवून घेताना कागद कुठे सरकला होता का. म्हणाला, "न्हाय. उस्तादांच्या कागदावरच तसं हाय." मग अंक घेऊन तुमच्या घरी गेलो. मावशींनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग त्या बाजेवर बोट ठेवलं आणि ते तिथून उचललं नाही. मी चहा न घेता परत आलो.

तू ते जाणून काढलंस की हातानं आपोआप काढलं, ते मला विचारायचं नाही. तूही सांगू नकोस. तू म्हणाला होतास, जो आला नाही तो आला म्हणून काढणार नाही. काढलेला नाहीस. मी म्हणालो होतो, केवडा घरी यायला पाहिजे. आला आहे. आपण दोघंही आता गप्प बसावं हे बरं.

मासिक बंद झालं आहे. चैत्राचा अंक निघाला नाही, अक्षरांचे खिळे पेटीत घालून ठेवले, दगडावर पोतं टाकलं. हे धोंडुबाईंना कळवायला पाहिजे होतं. काल संध्याकाळी कळवायला बसलो, कार्डावर मायना लिहिला, आणि पुढे लिहिता आलं नाही. तिनं शिकायला घेतलेली अक्षरं मी कोणत्या तोंडानं बंद करू? बनाबाईला म्हटलं, तू लिही. तिनं कार्ड बाजूला ठेवलं आणि वेष्टनं कापायला बसली.

तेव्हा वैशाखाचा अंक काढावा लागतो आहे. पिवळा कागद थोडा आहे, तोच वापरू. मला अजून दम लागतो, म्हणून खिळे जुळवायला निसारच्या बहिणीला, नजीराला, घेतलं आहे. ती माझ्याहून वेगानं जुळवते आणि माझी वाक्यं लांब आहेत असं तोंडावर सांगते. तुझीच शाळा दिसते. तुला ये म्हणत नाही. यायचं तर मावशींची पडवी आहे, उघडीच असते.

पण चित्र एक लागेल. महिना संपायच्या आत पाठव. मोर चालेल.

तुझा,
आकाराम